बाळसं धरणं म्हणजे काय?



मी दवाखान्यात सिस्टर होते तेव्हाची गोष्ट. सात महिन्यांच्या बाळाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, 'फेल्युअर टू थ्राइव्ह'. आईनं घाबरून विचारलं, "सिस्टर, फेल म्हणजे नापास ना? माझं बाळ नापास झालं का?" मी घाईत होते. "वजन कमी आहे," एवढंच सांगितलं. आज नीट सांगते.

'थ्राइव्ह' हा शब्द सुमारे ८०० वर्षांपूर्वी जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ धरणं, पकडणं. त्यावरून पुढे भरभराट होणं. आपणही तेच म्हणतो : बाळानं बाळसं धरलं.

आपल्या शहापूरकडे रोवणीनंतर पऱ्हे आधी पिवळे पडतात, मग मूळ धरतात. पण बांधीत पाणीच नसेल तर दोष पऱ्ह्यांचा नसतो. तसंच बाळाचं. अपुरं खाणं, वारंवार हगवण, एखादा लपलेला आजार, किंवा बाळंतपणानंतर लगेच कामावर जावं लागलेली आई, ही कारणं असतात. बाईला बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बोलले, ते याचसाठी.

मग घरी काय पाहायचं?

• जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हायला हवं.
• दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. कार्डावरची रेघ वर चढते का, ते स्वतः पाहा. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, तर थांबू नका. आरोग्य केंद्रात दाखवा.
• सहा महिने फक्त आईचं दूध. नंतर दुधासोबत घट्ट वरण-भात कुस्करून, वर थोडं तेल, उकडलेलं अंडं. वरणाच्या नुसत्या पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही.
• हगवण लागली तर ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्या. दूध, जेवण बंद करू नका.
• सहा महिन्यांवरच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या माउलीला आज सांगेन, बाई, तुझं बाळ नापास नाही आणि तूही नाहीस. त्याला धरायला आधार कमी पडला. तो देणं घराचं, वस्तीचं आणि सरकारचंही काम आहे.