लिनक्समधील प्रणालीच्या फाइली : आधी वाचन, मग दुरुस्ती

संगणक म्हटला की पडद्यावरील चित्रे आणि माउस एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या सर्व्हरवर मोठमोठ्या संस्थांचे व्यवहार चालतात, त्यांतील अनेक यंत्रांवर असा चित्रमय पडदा नसतोच. तेथे अक्षरी आज्ञा देऊनच काम करावे लागते. अशा पुष्कळ यंत्रांवर लिनक्स ही कार्यप्रणाली असते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा प्रसिद्ध केला. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

साध्या अक्षरांतील नोंदी

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची परंपरा लिनक्सने स्वीकारली. यंत्राच्या मांडणीविषयीच्या नोंदी साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवणे, हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय. या फाइली मुख्यत्वे ‘ईटीसी’ नावाच्या डिरेक्टरीत असतात. त्यांतील ‘पासवर्ड’ या फाइलीत प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक ओळ असून तिचे सात भाग अपूर्णविरामाने वेगळे केलेले असतात. नाव तसे असले तरी आजच्या यंत्रांवर परवलीचे शब्द तीत नसतात. त्यांचे सांकेतिक रूप ‘शॅडो’ या वेगळ्या, सर्वांना खुल्या नसलेल्या फाइलीत असते.

वाचनाच्या आज्ञा

लहान फाइल पाहण्यास ‘कॅट’ ही आज्ञा पुरेशी आहे. मोठी फाइल ‘लेस’ने उघडावी. स्पेस कळ दाबताच पुढील पान येते, तिरकी रेघ देऊन शब्द शोधता येतो आणि ‘क्यू’ दाबल्यावर बाहेर पडता येते. ‘टेल’ ही आज्ञा शेवटच्या दहा ओळी दाखविते. यंत्रातील ताज्या घडामोडींची नोंदवही तपासताना ती विशेष उपयोगी पडते. एखादा शब्द असलेल्या ओळीच तेवढ्या हव्या असतील, तर ‘ग्रेप’चा उपयोग करावा. या आज्ञांनी मूळ फाइलीस धक्का लागत नाही. म्हणून नवशिक्याने वाचनाचा सराव निर्धास्तपणे करावा.

दुरुस्तीपूर्वीची दक्षता

दुरुस्तीची गोष्ट निराळी आहे. प्रणालीच्या बहुतेक फाइली बदलण्याचा अधिकार ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास असतो. ‘सुडो’ या आज्ञेने हा अधिकार एखाद्या कामापुरता मिळतो. तो कामापुरताच वापरावा.

दुरुस्तीपूर्वी ‘सीपी’ या आज्ञेने मूळ फाइलीची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. त्यानंतर ‘नॅनो’ या संपादकात फाइल उघडावी. कंट्रोलसह ‘ओ’ दाबल्यास मजकूर जतन होतो आणि कंट्रोलसह ‘एक्स’ दाबल्यास बाहेर पडता येते. बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिण्यास घेतलेला ‘व्हीआय’ हा संपादक किंवा त्याची सुधारित आवृत्ती बहुतेक यंत्रांवर आढळते. त्यात लिहिण्यापूर्वी ‘आय’ आणि लिहून झाल्यावर एस्केप कळ दाबावी लागते. शेवटी ‘डिफ’ ही आज्ञा जुनी प्रत व नवी फाइल यांतील फरक समोर ठेवते. ठरविलेल्या ओळीखेरीज अन्य काही बदललेले नाही, याची खात्री त्यावरून होते.

दोन नाजूक फाइली

‘एफएसटॅब’ या फाइलीत यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क जोडावयाच्या, याची नोंद असते. तीतील एका चुकीच्या ओळीमुळे यंत्र पुन्हा सुरू होताना मध्येच अडू शकते आणि त्यावर अवलंबून असलेले सर्वांचे काम खोळंबते. म्हणून नवी ओळ लिहिल्यावर यंत्र चालू असतानाच ‘माउंट’ ही आज्ञा ‘ए’ या पर्यायासह देऊन पाहावी. दोष असल्यास तो बहुधा तेथेच उघड होतो.

‘सुडोअर्स’ या फाइलीत सुडोचे अधिकार कोणास आहेत, हे लिहिलेले असते. तीत व्याकरणाची चूक राहिल्यास दुरुस्त करणाऱ्याचाच अधिकार जाऊ शकतो. यासाठी ती नेहमी ‘व्हिसुडो’ या आज्ञेनेच उघडावी. मजकूर स्वीकारण्यापूर्वी ही आज्ञा त्याची रचना तपासते आणि चूक आढळल्यास सावध करते.

दप्तरातील मूळ कागदावर खाडाखोड करण्यापूर्वी जाणता कारकून त्याची नक्कल काढून ठेवतो. संगणकाच्या दप्तरालाही तोच नियम लागू आहे. आधी वाचावे, मग प्रत ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि तो तपासून पाहावा. एवढी शिस्त अंगी बाणली, तर आज्ञांच्या या पडद्याचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.