उखडलेले लोहमार्ग

मुंबईच्या उपनगरांत कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या रस्त्यास 'सी. एस. टी. रोड' म्हणतात. या अक्षरांचा संबंध बोरीबंदरच्या भव्य स्थानकाशी असावा, असे पुष्कळांना वाटते. परंतु तो समज बरोबर नाही. 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' या नावाची ती आद्याक्षरे होत. साल्सेट म्हणजेच साष्टी. या बेटातून अंधेरी ते ट्रॉम्बे असा सुमारे १३ किलोमीटरांचा लोहमार्ग १९२८ साली सुरू झाला. मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्टने तो बांधविला व जी. आय. पी. रेल्वेने चालविला. तथापि अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, तो बंद झाला. पुढे त्या भागात सांताक्रूझचा विमानतळ पसरला आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे ब्रिटिश हवाई दलाची विमाने उतरू लागली.

साष्टीचा हा मार्ग शांततेच्या काळात बंद झाला. महायुद्धात मात्र देशातील अनेक चालत्या मार्गांवर हीच पाळी आली, आणि ती सरकारी हुकुमाने आली.

युद्ध म्हणजे केवळ तोफा व बंदुका नव्हेत. सैन्याला अन्न, दारूगोळा व औषधे पोहोचवावी लागतात आणि त्यासाठी रेल्वे लागते. पहिल्या महायुद्धातही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लोहमार्ग टाकण्यासाठी हिंदुस्थानातून रूळ, इंजिने व डबे पाठविण्यात आले होते. दुसऱ्या महायुद्धात तीच गरज पुन्हा उभी राहिली. नवे रूळ तयार करावेत, तर पोलादाला रणगाडे व जहाजे यांची मागणी; परदेशातून आणावेत, तर जहाजे अपुरी. तेव्हा कमी रहदारीचे फाटे उखडून त्यांचे लोखंड अन्यत्र वापरावे, असे सरकारने ठरविले.

एका फाट्यातून लोखंड तरी किती निघे? मीटर गेजचा रूळ एका यार्डास ५० पौंड वजनाचा धरू. एका मैलात १,७६० यार्ड असतात आणि रूळ दोन असतात. म्हणजे एका मैलातून १,७६,००० पौंड, अर्थात सुमारे ७८ टन पोलाद मिळे. रूळ उखडण्याचे काम फाट्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू करणे सोयीचे असते. कारण काढलेला माल उरलेल्या रुळांवरूनच गाडीत घालून न्यावयाचा असतो. आधी सांध्यांचे बोल्ट सोडवावयाचे, मग रूळ, मग स्लीपर उचलावयाचे. गाडी एकेक पाऊल मागे सरके, आणि तिच्यापुढे खडीचा ओसाड पट्टा तेवढा उरे.

केरळातील शोरनूर-निलंबूर हा सागवानी जंगलांतून जाणारा मार्ग १९४१ मध्ये उखडण्यात आला. कांगडा खोऱ्यातील नगरोटा ते जोगिंदरनगर हा भाग १९४२ मध्ये बंद झाला. त्याच काळात पेट्रोलवरही नियंत्रण आले होते. त्यामुळे रेल्वे गेली, तेथे मोटारीचा आधारही अपुराच होता. शेतमाल, लाकूड व प्रवासी यांना पुन्हा बैलगाडीची वाट धरावी लागली. १९३९ मध्ये हिंदी लोकांना न विचारता व्हाइसरॉयने देशाला युद्धात ओढले. त्या युद्धाची किंमत आडबाजूच्या गावांनी अशी मोजली.

निलंबूर व कांगडा येथील रूळ स्वातंत्र्यानंतर, १९५४ पर्यंत, पुन्हा टाकण्यात आले. सर्वच मार्गांचे भाग्य मात्र इतके थोर नव्हते. काही फाटे कायमचे नाहीसे झाले.

उपनगरांच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणाऱ्या लोहमार्गाची उणीवही दीर्घकाळ भासत राहिली. घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी धावू लागली, तेव्हा साष्टीचा जुना मार्ग बंद होऊन ८० वर्षे झाली होती. रूळ उचलावयास काही दिवस पुरतात. ते परत यावयास कधी एक तप, तर कधी पिढ्यान् पिढ्या लागतात. म्हणूनच सार्वजनिक सोय मोडण्यापूर्वी, ती ज्यांच्यासाठी आहे त्यांचे म्हणणे ऐकणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. 'सी. एस. टी. रोड' हे नाव कशावरून पडले?
२. रूळ उखडण्यास शेवटच्या टोकापासून सुरुवात करणे सोयीचे का असते?
३. १२ मैलांच्या मीटर गेज फाट्यातून किती पौंड पोलाद मिळेल?
४. वाक्यांत उपयोग करा : पाळी येणे, उणीव भासणे, किंमत मोजणे.