उत्तरध्रुवीय प्रकाशाचे भाकीत अनिश्चित का?

मे २०२४ मधील एका रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबूस आभा टिपली. सतराव्या शतकातील गोंपाजवळच्या त्या आकाशात, इतक्या दक्षिणेस, उत्तरध्रुवीय प्रकाश क्वचितच उमटतो. दोन दशकांतील ते सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ होते.

याउलट १० सप्टेंबर २०१४ रोजी सूर्यावर मोठी ज्वाला उसळली आणि विद्युतभारित कणांचा मेघ पृथ्वीच्या रोखाने निघाला. तज्ज्ञांनी प्रखर वादळ अपेक्षिले. मेघ दोन दिवसांनी आलाही. परंतु अपेक्षेएवढे वादळ झाले नाही.

सूर्यावरील स्फोट दिसत असूनही भाकीत का चुकावे? ज्वालेचा प्रकाश सुमारे आठ मिनिटांत पोहोचतो, मेघास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. छायाचित्रांवरून त्याचा वेग व दिशा यांचा अंदाज बांधता येतो, तरी आगमनाची वेळ कित्येक तासांनी चुकू शकते. तेवढ्यात रात्रीचा दिवस होतो. खरी अडचण मात्र मेघातील चुंबकीय क्षेत्राची आहे. ते दक्षिणाभिमुख असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाऊन ऊर्जा आत शिरते. उत्तराभिमुख असेल तर ते दार बहुतांशी बंदच राहते. ही दिशा छायाचित्रात दिसत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूस असलेल्या यानांवरून मेघ जाईल तेव्हाच ती मोजता येते. आपले आदित्य-एल१ तेथेच आहे. त्यानंतर हाती उरतो जेमतेम पाऊण-एक तास, वेगवान मेघ असल्यास त्याहूनही कमी. धम्माच्या परिभाषेत सांगायचे तर स्फोट हा हेतू झाला; प्रत्यय जुळल्याविना फळ नाही.

मोबाइलवर दिसणारा ‘केपी’ निर्देशांक (० ते ९) तीन तासांच्या अवधीचा आणि साऱ्या पृथ्वीचा असतो. त्यावरून आपल्या माथ्यावरील आकाशाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचेच. प्रकाश कधी पाच-दहा मिनिटेच भडकतो आणि पुन्हा मंदावतो.

नॉर्वेतील ट्रोम्सोसारख्या ठिकाणी, जेथे हा प्रकाश सौम्य सौरहालचालींतही दिसतो, जाणाऱ्याने वादळाच्या बातमीआधी ढगांचा अंदाज पाहावा. आणि उन्हाळी सुटी टाळावी: मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही.