इन्सुलिन बदलताना : घरच्या बोक्याने दिलेला धडा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मधुमेहावर काही लिहावे, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. या विषयावर यापूर्वी दोनदा लिहून झाले आहे आणि वाचकांपैकी बहुतेक जण स्वतःच वैद्यक व्यवसायात आहेत. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरातच एक मधुमेही रुग्ण निघाला. त्याच्या उपचारात, तीस वर्षे इन्सुलिन लिहून देणाऱ्या माझ्या हातून अशी एक चूक घडली की ती सहव्यवसायी बंधुभगिनींपुढे मांडणे मला कर्तव्य वाटते. हा रुग्ण म्हणजे आमचा अकरा वर्षांचा बोका, गुंड्या. एक इन्सुलिन बंद करून दुसरे सुरू करणे घरच्या घरी सुरक्षितपणे कसे साधावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मांजराचा मधुमेह

मांजरांतील मधुमेह बव्हंशी आपल्याकडील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. उतारवय, स्थूलता, नर असणे, निर्बीजीकरण आणि स्टेरॉइड औषधे ही त्याची परिचित कारणे होत. स्वादुपिंडातील लँगरहॅन्सच्या द्वीपांत अमायलॉइड साठणे हेही मनुष्य आणि मांजर या दोघांत आढळते.

गुंड्याचे पाण्याचे भांडे दिवसातून तीन-तीनदा भरावे लागू लागले. खाणे वाढूनही साडेसहा किलोचे वजन पाचावर आले. पुढे चालताना त्याच्या मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकू लागल्या. सौ.ना ते म्हातारपण वाटले, मला संधिवात वाटला. महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या पशुवैद्यांनी मात्र ती चाल पाहताच रक्त काढावयास घेतले. टाच टेकवून चालणे हे मधुमेहामुळे मज्जातंतूंना होणाऱ्या इजेचे मांजरातील लक्षण आहे, हे मला त्या दिवशी कळले.

रक्तशर्करा 420 निघाली. तरीही त्यांनी तेवढ्यावर निदान केले नाही. दवाखान्यात आणलेले मांजर घाबरते आणि केवळ त्या भयाने निरोगी मांजराची शर्करादेखील 300 च्या वर जाऊ शकते. म्हणून लघवीतील शर्करा आणि रक्तातील फ्रुक्टोसामाइन तपासून मगच निदान पक्के झाले. मनुष्याच्या लघवीत शर्करा रक्तशर्करा सुमारे 180 च्या पुढे गेल्यावर उतरते. मांजरात ही मर्यादा बरीच वर, 250 ते 290 च्या आसपास असते.

बदल का करावा लागला

आरंभी गुंड्याला आपल्या परिचयाचे एन.पी.एच. इन्सुलिन दिवसातून दोन वेळा सुरू झाले. कुपी मिलीलीटरमागे 40 युनिटची होती आणि सिरिंज लाल टोपीची. मात्रा वाढत वाढत चार युनिटवर गेली, तरी तहान कमी होईना. घरी दर दोन तासांनी कानाच्या कडेच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन आलेख काढला, तेव्हा कारण उघड झाले. इंजेक्शननंतर चौथ्या तासाला शर्करा 110 पर्यंत उतरत होती आणि आठव्या तासापासून पुन्हा 350 च्या वर चढत होती. मांजराच्या शरीरात एन.पी.एच.चा प्रभाव लवकर ओसरतो. अशा वेळी मात्रा वाढवली तर खालचे टोक आणखी खाली जाते, वरचे टोक मात्र आहे तेथेच राहते.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. त्यानंतर कित्येक दशके मनुष्याने गाय आणि डुकराचे इन्सुलिन वापरले. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने भिन्न आहे. मनुष्याच्या इन्सुलिनपेक्षा ते चार अमिनो आम्लांनी भिन्न आहे. तथापि उपचारात निर्णायक ठरतो तो हा फरक नव्हे. औषध किती तास टिकते, हे पाहावे लागते. म्हणूनच मांजरांसाठी प्रोटामिन झिंक किंवा ग्लार्जीन ही दीर्घकाळ काम करणारी इन्सुलिने पसंत केली जातात. आम्ही ग्लार्जीन निवडले.

अलीकडे मांजरांसाठी तोंडाने देण्याची औषधेही आली आहेत. बेक्साग्लिफ्लोझिनला 2022 मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिनला 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ही मान्यता पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरती आहे. इन्सुलिनवर असलेल्या मांजरात त्यांनी कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका संभवतो. गुंड्यासाठी तो मार्ग बंदच होता.

माझी चूक

ग्लार्जीनची कुपी आणि नारिंगी टोपीच्या नव्या सिरिंज मी एकाच दिवशी आणल्या. पशुवैद्यांनी मात्रा दोन युनिट सांगितली होती. रात्री आठ वाजता गुंड्याचे खाणे झाल्यावर मी कुपी काढली, दोनच्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि मानेमागच्या सैल त्वचेखाली टोचले. सिरिंजवर टोपी बसविताना सौ. म्हणाल्या, "अहो, ही टोपी लाल कशी?"

नव्या सिरिंजचे पाकीट कपाटात न फोडलेले होते. महिनोन्‌महिने ज्या डब्यातून सिरिंज घेत आलो, त्याच डब्याकडे सवयीने हात गेला होता. 40 च्या सिरिंजवरील दोनची रेघ म्हणजे 0.05 मिलीलीटर. मिलीलीटरमागे 100 युनिट असलेल्या औषधाचे तेवढे आकारमान म्हणजे पाच युनिट. गुंड्याला ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट औषध गेले होते. वर ते औषध चार तासांत ओसरणारेही नव्हते.

पशुवैद्यांना दूरध्वनी केला. घरी दर तासाला शर्करा मोजणे शक्य होते, म्हणून त्यांनी थोडे थोडे खाऊ घालत लक्ष ठेवण्यास सांगितले. शर्करा 70 च्या खाली गेली किंवा काही लक्षण दिसले, तर तत्काळ दवाखान्यात आणा, असेही बजावले. रात्री दोनला 118, चारला 81. पाच वाजता 64 झाली. गुंड्या उठला, दोन पावले टाकून डुलला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बुबुळे विस्फारलेली होती. सौ.नी बोटाने त्याच्या हिरड्यांवर मध चोळला आणि आम्ही तसेच निघालो. सकाळभर त्याला शिरेवाटे डेक्स्ट्रोज चालू होते. दुपारी शर्करा 150 वर स्थिरावली. सकाळची आणि रात्रीची अशा दोन्ही मात्रा वगळून दुसऱ्या दिवशी एका युनिटपासून पुन्हा आरंभ केला, या वेळी नारिंगी टोपीच्या सिरिंजने.

पाळावयाची पथ्ये

या अनुभवानंतर पशुवैद्यांबरोबर बसून आम्ही जी पथ्ये लिहून काढली, ती अशी :

1. दिवस निवडावा. पुढील दोन-तीन दिवस घरात कोणीतरी असेल आणि दवाखाना उघडा असेल, असाच दिवस घ्यावा. सणाच्या किंवा प्रवासाच्या तोंडावर बदल करू नये. मांजर खात नसेल, उलट्या करीत असेल किंवा लघवीत कीटोन असतील, तर बदल घरी करूच नये.

2. जुनी मात्रा नव्या औषधाला लावू नये. नवा रुग्ण समजून आरंभ करावा. सर्वसाधारणपणे मांजरामागे एक ते दोन युनिट, दिवसातून दोनदा, अशी ग्लार्जीनची सुरुवात केली जाते. नेमका आकडा पशुवैद्यांनीच ठरवावा.

3. दोन्ही औषधे एका वेळी देऊ नयेत. जुन्या औषधाची पुढची वेळ येईल, त्या वेळी नवे औषध द्यावे. पहिले इंजेक्शन अपुरे वाटले म्हणून जुन्याची भर घालणे धोक्याचे आहे.

4. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळवावा. आपल्या देशात मिलीलीटरमागे 40 आणि 100 अशा दोन्ही शक्तींची इन्सुलिने वापरात आहेत. 40 साठी लाल टोपी आणि 100 साठी नारिंगी टोपी, ही खूण आहे. उलट चूक झाल्यास, म्हणजे 40 चे औषध 100 च्या सिरिंजने घेतल्यास, दोन युनिटऐवजी 0.8 युनिटच जाते आणि औषध लागू पडत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बदलाच्या दिवशी जुनी कुपी आणि जुन्या सिरिंज घरातून काढून टाकाव्यात. मांजराची मात्रा लहान असल्याने अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली 0.3 मिलीलीटरची सिरिंज मिळाल्यास उत्तम.

5. औषधाची हाताळणी बदलते. एन.पी.एच. गढूळ असते आणि तळहातात हळुवार फिरवून घ्यावे लागते. ग्लार्जीन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते आम्लधर्मी द्रावणात विरघळलेले असून त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात व त्यांतून ते सावकाश शोषले जाते. म्हणून ते पातळ करू नये आणि दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये. गढूळ दिसल्यास टाकून द्यावे.

6. आधी खाणे, मग औषध. मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यांना विचारल्याखेरीज टोचू नये.

7. पहिल्या दिवशी प्रत्येक मात्रेपूर्वी आणि मध्ये दर दोन ते चार तासांनी शर्करा मोजावी. माणसांसाठीचा ग्लुकोमीटर मांजराची शर्करा बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवितो. म्हणून एकच यंत्र कायम वापरावे आणि कोणते, ते पशुवैद्यांना सांगून ठेवावे.

8. घाई करू नये. आरंभीचे काही दिवस आकडे चढेच राहतात. शर्करा फार उतरली नसेल, तर पाच-सात दिवस मात्रा बदलू नये आणि नंतर पूर्ण दिवसाचा आलेख काढून निर्णय घ्यावा.

9. त्याच आठवड्यात आहार बदलू नये. कमी पिष्टाचा आहार मांजराला हितकर असतो. पण त्याने इन्सुलिनची गरजही घटते. काही मांजरांची गरज तर पूर्णपणे संपते. दोन्ही बदल एकदम केल्यास शर्करा कशाने उतरली, हे उमगत नाही.

शर्करा उतरल्यास

सुस्ती, डुलणे, अकस्मात भूक, थरथर, झटके ही लक्षणे ओळखावीत. मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खाऊ घालावे. खात नसेल तर मध किंवा साखरेचा दाट पाक हिरड्यांवर चोळावा. अर्धवट शुद्धीतल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नये. त्यानंतर बरे वाटले तरी दवाखाना गाठावा, कारण दीर्घकाळ काम करणारे औषध शरीरात शिल्लक असते.

समारोप

गुंड्या आज एका युनिटवर आहे. टाचा पुन्हा उचलल्या गेल्या आहेत आणि पाण्याचे भांडे दिवसातून एकदाच भरावे लागते. प्रत्येक मात्रा मी भरतो आणि टोचण्यापूर्वी सौ. ती पाहतात. शीतकपाटाच्या दारावर तारीख, वेळ, युनिट आणि दोघांच्या सह्या असा तक्ता आहे.

या प्रसंगाचा खरा परिणाम मात्र माझ्या बाह्यरुग्ण विभागावर झाला. इन्सुलिन बदलून देताना मी आजवर रुग्णाला औषधाचे नाव आणि मात्रा सांगत असे. आता त्याला कुपी आणि सिरिंज दोन्ही घेऊन बोलावतो आणि माझ्यासमोर भरावयास सांगतो. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा 100 ची कुपी आणि लाल टोपीची सिरिंज घेऊन आले. ते ज्या सहजतेने वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढू लागले, ती सहजता मी ओळखली. ती माझीच होती. वीसऐवजी पन्नास युनिट त्यांच्या अंगात गेली असती आणि घरी ते एकटे राहतात.

सहव्यवसायी बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, इन्सुलिन बदलून देताना औषधाच्या नावाखाली सिरिंजचा प्रकारही लिहावा आणि जुनी सिरिंज रुग्णाकडून परत मागून घ्यावी.