बासरी, जाझ आणि पट्टी

प्रश्न : वटवृक्ष मंदिराजवळ घेतलेल्या बासरीतून हरिप्रसाद चौरसियांसारखा खोल आवाज का येत नाही? आणि माझा मुलगा त्यांचं जाझवाल्यांबरोबरचं वादन ऐकवतो, त्यात राग शाबूत राहतो का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पहिलं कोडं लांबीचं आहे. यात्रेत मिळते ती बासरी आखूड, म्हणून आवाज चढा. मैफलीची बासरी अडीच फुटांच्या आसपास असते. हे काम पन्नालाल घोष (1911–1960) यांचं. त्यांनी 32 इंची बासरी हाती घेतली आणि विलंबित ख्यालाला लागणारा खर्ज तिच्यातून काढला. नळी लांबली की भोकंही लांब जातात, बोटं चांगलीच ताणावी लागतात. कोमल स्वरांना वेगळी भोकं नसतात. बोट किंचित सरकवून भोक अर्धंच उघडायचं. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तीही त्या सरकण्यातच असते.

दुसरा प्रश्न जास्त चविष्ट. रागाचा षड्ज मैफलभर हलत नाही. जाझमध्ये मात्र कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, दर काही मात्रांनी बदलत राहतो, आणि वादकाची हुशारी त्या बदलांवरून वाट काढण्यात असते. यमन वाजवताना खालचे कॉर्ड असे पालटत राहिले, तर स्वर तेच असूनही निषाद यमनातला वाटेनासा होतो. मग जुळतं कुठे? जिथे जाझवालेच कॉर्डची धावपळ कमी करून एका स्वरसप्तकावर रेंगाळतात तिथे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमने ही वाट रुळवली.

आपल्याकडे रागवाले आणि जाझवाले त्याआधीपासून शेजारी बसत होते. मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये गोव्याचे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले दिवसा गाणी वाजवत आणि रात्री हॉटेलांत जाझ. पुढे हरिप्रसादही त्याच स्टुडिओंत आले.

एक व्यवहाराची गोष्ट अशी की, बासरीची पट्टी बदलायची तर बासरीच बदलावी लागते. मैफलीत बहुधा पांढरी तीनची असते. तेव्हा बाकीच्यांनीच तिच्या पट्टीत यायचं. माझ्या मते राग वाचतो तो निम्मा यामुळेच!

‘मेकिंग म्युझिक’ (1987) हा अल्बम ऐका. तबल्यावर झाकीर हुसेन, बासरीवर हरिप्रसाद, गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, सॅक्सोफोनवर नॉर्वेचे यान गार्बारेक, पियानो नाहीच. बासरी मींडेने स्वराकडे येते, सॅक्सोफोन ओठांच्या दाबाने स्वर वाकवतो. दोघांची स्वरावर पोहोचायची रीत ताडून पाहा. पण सुरुवात हरिप्रसाद असलेल्या ‘रिमेंबर शक्ती’ने (1999) करा, कारण तिथे तानपुरा आहे आणि षड्ज शोधावा लागत नाही. हरिप्रसादांचे पुतणे, बासरीवादक राकेश यांचा बेला फ्लेक (बँजो), झाकीर हुसेन आणि एडगर मायर (डबल बेस) यांच्यासोबतचा ‘अ‍ॅज वी स्पीक’ (2023) मुलाला नक्की आवडेल. त्याला ग्रॅमीही मिळालं. त्यात मात्र राग शोधत बसू नका, लयीचा खेळ ऐका.