व्हॅनमध्ये चढण्याआधी

पोरी, पुढच्या आठवड्यात तुझा पहिला दौरा. शिकागोहून मेम्फिस, तिथून खाली क्लार्क्सडेल आणि हेलेना, परतीच्या वाटेवर सेंट लुइस, इंडियानापोलिस, डेट्रॉइट. बँडलीडरने तुझा हात ऐकूनच तुला घेतलंय, त्यामुळे हाताची मला काळजी नाही. तरी सुरुवात वाजवण्यापासूनच करतो, कारण नेपरविलच्या रविवारच्या तबल्याच्या वर्गात तुझ्या अंगात भिनलेली एक सवय ब्लूजमध्ये आडवी येते.

ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं. शफल म्हणजे मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा. तिस्र जातीचा सराव असल्यामुळे ते तुला चटकन जमलं. अडचण समेची आहे. समेवर येताना तिहाई घ्यावी, ऐकणाऱ्यांना ती दाखवावी, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. इथे शेवटच्या दोन बारांना टर्नअराउंड म्हणतात, आणि तिथे गिटार, पियानो नाहीतर हार्मोनिका बोलत असते. तू त्यात भरणा केलास की त्यांचं बोलणं बुडतं आणि गायकाला पुढची ओळ उचलायला जागा उरत नाही. तिथे ठेका तसाच चालू ठेव. फार वाटलं तर स्नेअरवर एक हलकी थाप, बस्स. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर रात्रभर एकसारखा पडत राहिला, तर समोरचे लोक उठून नाचतात. ते नाचणंच या संगीताची दाद आहे.

फ्रेड बिलो ऐक, पुन्हा पुन्हा ऐक. शिकागोचा माणूस, जॅझ आणि लष्करी बँडमध्ये तयार झालेला. ब्लूज वाजवायला बसला तेव्हा तो त्याला परकाच होता. पुढे लिटल वॉल्टरच्या १९५५ सालच्या ‘माय बेब’वर तोच वाजवतो. चेस कंपनीच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांवर त्याचा हात आहे, चक बेरीच्यासुद्धा. एवढी विद्या असलेला माणूस गायकाच्या मागे किती कमी वाजवतो ते कान देऊन ऐक. आणि सॅम ले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. त्याचा डबल शफल लहानपणच्या चर्चमधल्या दुप्पट लयीच्या टाळ्यांतून आलेला. तो शिकायचा असेल तर काड्या बाजूला ठेवून आधी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून बघ. त्यातला डौल आधी अंगात बसू दे, हातांचं मग पाहता येईल.

बारा बार हे काही शिलालेख नाहीत. जॉन ली हूकरसारखे गायक ओळ संपली की सूर बदलत, मग ते साडेअकरा बार होवोत की तेरा. मिसिसिपीच्या डेल्टात अजूनही असे गाणारे भेटतात. तिथे मोजत बसलीस तर एकटी पडशील. गायकाचा श्वास ऐक, गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे नजर ठेव. बँडलीडरची मूठ वर दिसली की आवर्तनाअखेर थांबायचं. तळवा खाली झाला की आवाज खाली. ‘फ्रॉम द फाइव्ह’ म्हणाला तर नवव्या बारपासून उठायचं. ‘क्विक फोर’ म्हणाला तर दुसऱ्याच बारला सूर बदलणार. हे शब्द घाईत, माइकपासून तोंड वळवून उच्चारले जातात, म्हणून पहिले काही दिवस तुझं स्टूल त्याचं तोंड दिसेल असंच लाव.

आणि हळू वाजवायला शीक. लयीत हळू नव्हे, आवाजात. बडी गाय अनेक वर्षं दर जानेवारीत शिकागोला त्याच्या लेजंड्स क्लबात वाजवत आला. त्याचा बँड एकदम कुजबुजीवर येतो, तरी लय रेसभरही ढिली पडत नाही. ते काम ड्रमरचं असतं. काड्या उचलायच्या कमी, पण मनातले तीन-तीनचे भाग मोजणं सोडायचं नाही. संथ ब्लूजमध्ये तर हात मोकळा असतानाही ते मोजत राहायचं, नाहीतर पाय नकळत पळतो.

दौऱ्यावर ड्रमरला पुन्हा बोलावणं येतं ते बाकीच्यांना त्याच्या शेजारी निर्धास्त वाटतं म्हणून. स्टेजवर ते ठेक्यामुळे वाटतं, पण स्टेज दिवसातले दोन-तीन तास. उरलेला दिवस व्हॅनमध्ये, पार्किंगमध्ये आणि मोटेलमध्ये जातो, आणि तिथेही तुझ्याकडून हेच हवं असतं.

म्हणून सामान. सगळ्यांत जास्त सामान तुझं, सगळ्यांत आधी पोचायचं तुला, आणि सगळ्यांत शेवटी आवरणारीही तूच. जड स्टँडची पिशवी व्हॅनमध्ये तळाला, पुढच्या सीटांच्या पाठीला टेकवून. डोक्याच्या उंचीवर जड काही रचू नकोस, करकचून ब्रेक लागला तर ते पुढे येतं. रात्री गाडी भिंतीला पाठ लावून उभी करायला सांग, म्हणजे मागची दारं कुणाला उघडता येणार नाहीत. तरीसुद्धा स्नेअर, सिंबल आणि पेडल खोलीत न्यायचं, कितीही दमलेली असलीस तरी. महोत्सवात ड्रमसेट त्यांचा मिळतो, पण स्नेअर, सिंबल, पेडल आणि स्टूल या चार गोष्टी आपल्याच हव्यात. पायाखाली आपला गालिचा हवा आणि त्यावर प्रत्येक स्टँडची जागा चिकटपट्टीने आखलेली. बदललेल्या अंधाऱ्या स्टेजवर पाच मिनिटांत सेट लागतो तो या खुणांमुळे.

छोट्या डब्यात ठेव: ड्रमच्या दोन चाव्या, सिंबलचे फेल्ट आणि प्लास्टिकच्या नळ्या, विंगनट, स्नेअरच्या तारा बांधायची दोरी, पेडलचा जादा बीटर, स्नेअरचं एक नवं कातडं, गॅफर टेप. दोरी मुद्दाम लिहून ठेव. ती सहसा भर कार्यक्रमात तुटते, आणि गावात रात्री दहाला ती कुठेच मिळत नाही.

पुढे कधी हिवाळ्यात मिनेसोटाला गेलीस तर थंडीत राहिलेला ड्रम आत आणल्याबरोबर खोळ उघडायची नाही. बंद खोळीतच त्याला ऊब येऊ दे, नाहीतर त्यावर दव धरतं आणि सूर उतरतो. थंडगार सिंबलवर जोरात घाव घातलास तर तडा जाऊ शकतो.

गाडी चालवण्याची पाळी आली तर झोपेबद्दल खोटं बोलू नकोस. शिकागो ते मेम्फिस ५०० मैलांहून जास्त, आठ-नऊ तासांची वाट. कार्यक्रम संपवून रात्री दोनला ती सुरू करायचा बेत कुणी मांडला तर सगळ्यांत लहान असलीस तरी नाही म्हण. बी. बी. किंगने १९५६ साली एका वर्षात ३४२ कार्यक्रम केले, आणि लोक हा आकडा कौतुकाने सांगतात. १९५८ साली टेक्सासमध्ये त्याच्या बँडची बस ट्रकवर आदळली. माणसं गेली, बसचा विमा त्याआधी नुकताच स्थगित झालेला, आणि त्या भरपाईचं कर्ज तो पुढे कितीतरी वर्षं फेडत राहिला. हेसुद्धा त्या आकड्याशेजारी ठेवून बघावं. व्हॅनचा विमा चालू आहे का आणि चालवणाऱ्यांत तुझं नाव घातलंय का, हे निघण्याआधी विचार. विचारायला लाजू नकोस, चांगला बँडलीडर उलट खूश होतो.

पैशाचं आत्ताच, लेखी. एका कार्यक्रमाची बिदागी किती, सुट्टीच्या दिवसाचं काही मिळतं का, जेवणाचे रोज किती, आणि खोली. खोली तुला स्वतंत्र हवी, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहून घे. त्यात संकोचण्यासारखं काही नाही, शहाणे बँड ते स्वतःच सुचवतात. क्लबकडून ठरलेली रक्कम मिळणार की दारावरच्या तिकिटांतला वाटा, हे बँडलीडरचं बघणं आहे, पण माहीत असू दे, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये त्याचा चेहरा का उतरला ते कळेल. बहुतेक जागी तू नोकर नसून स्वतंत्र कलाकार असतेस, कर कापून येत नाही, वर्षाअखेरी १०९९चा कागद येतो. मिळालेल्यातला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाक आणि त्याला हात लावू नकोस.

कान. यावर मी फार बोलणार आहे. सिंबल तुझ्या कानापासून हातभर, शेजारी गिटारचा अॅम्प्लिफायर. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, अशी इथल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपला एक सेट तास-सव्वा तासाचा असतो! कानाचा साचा घेऊन संगीतकारांसाठी बनवतात ते प्लग आत्ताच करून घे, पैसे मी देतो. साउंड चेकपासून घाल, शेवटचं गाणं संपेपर्यंत काढू नकोस. गेलेला कान परत येत नाही. माझ्या पिढीतल्या ड्रमरशी बोलताना तुला दोनदा बोलावं लागतं, ते का हे तुला ठाऊक आहे.

पाठीसाठी स्टूल थोडं उंच, मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती. केस उचलताना गुडघ्यात वाक. कार्यक्रमानंतर लोक प्रेमाने दारू पाजतात. ग्लास हातात धरून गप्पा मारल्या तरी कुणाचा अपमान होत नाही. जेवणाचं सांगायचं तर डेल्टातले टमाले झकास, पण तू मांस खात नाहीस, आणि तिथे हिरवी भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी समजू नकोस. कॉलर्ड ग्रीन्स बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस घालून शिजवतात. विचारून खा. वहिनीला म्हणावं मेतकूट आणि दाण्याची चटणी दे. मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये भात उत्तम होतो.

क्लार्क्सडेलला एक सकाळ मोकळी ठेव. हायवे ६१वर, त्या गावाजवळ, १९३७च्या सप्टेंबरात बेसी स्मिथचा अपघात झाला आणि गावातल्या काळ्या लोकांच्या इस्पितळात ती वारली. त्याच इमारतीत १९४४ साली मिसेस हिल यांनी रिव्हरसाइड हॉटेल सुरू केलं. गोऱ्यांच्या हॉटेलांत काळ्या वादकांना खोली मिळत नसे, तेव्हा फिरतीवरचे कितीतरी जण तिथे उतरले. कुठे जेवण मिळेल, कुठे झोपता येईल, हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ १९३६पासून १९६०च्या दशकापर्यंत निघत होतं. न्यूयॉर्कच्या एका टपाल कर्मचाऱ्याने, व्हिक्टर ह्यूगो ग्रीनने, ते सुरू केलं. आपण ज्या ठेक्यावर पोट भरतो तो या माणसांनी असल्या रस्त्यांवरून वाहून आणला. मोटेलच्या गालिच्याबद्दल व्हॅनमध्ये कुरकुर सुरू झाली की तू त्यात सामील होऊ नयेस, असं मला मनापासून वाटतं.

तिथल्या म्हाताऱ्या वादकांजवळ बस. दक्षिणेत वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी ‘मिस’ लावतात, आणि ‘येस मॅम’, ‘येस सर’ म्हणतात. तूही म्हण. कुणी दोन गाण्यांसाठी तुझं स्टूल मागितलं तर आनंदाने दे आणि मागे उभी राहून त्याचा पाय बघ.

नदीपलीकडचं हेलेना हे विली ‘बिग आइज’ स्मिथचं गाव. तो आधी हार्मोनिका वाजवायचा, मग ड्रमवर आला आणि मडी वॉटर्सच्या मागे वर्षानुवर्षं बसला. हार्मोनिकावाल्याला श्वास कुठे घ्यावा लागतो हे त्याला आतून ठाऊक होतं, आणि त्याच्या वाजवण्यातून ते कळतं. तूही एक हार्मोनिका खिशात टाक, व्हॅनमध्ये वाजवत जा, बाकीचे जागे असतील तेव्हा. केएफएफए या तिथल्याच रेडिओ केंद्रावर १९४१ साली दुपारचा ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाला. त्यात पेक कर्टिस ड्रम वाजवायचा. त्याचं नाव तिथल्या जुन्या लोकांपाशी काढ, गप्पा आपोआप सुरू होतील.

साउंड इंजिनिअरचं नाव आल्याआल्या विचारून घे आणि रात्रभर त्याच नावाने बोल. रात्री कितीही वाजता पोचलीस तरी वहिनीला एक ओळ पाठव.

आणि सेंट लुइसहून इंडियानापोलिसला निघताना घड्याळ बघ. वाट चार तासांची आहे, पण इंडियानापोलिसचं घड्याळ एक तास पुढे. तिथे चारला सामान आत न्यायचं असेल तर सेंट लुइसमध्ये बाराला नव्हे, अकराला निघावं लागेल. पेट्रोल आणि जेवण धरलं तर दहाला. बँडमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेव. डेट्रॉइटलाही तेच घड्याळ.