यंत्र श्रेष्ठ की खेळ?

प्रस्तावना

आपण रोज कशावरून ना कशावरून वाद घालतो. कोणता फलंदाज थोर, कोणता चित्रपट सरस, कोणता फोन चांगला, अशा प्रश्नांवर आवाज चढतात. पण बहुतेक वेळा वाद जिथे सुरू झाला तिथेच संपतो. असे का होते? व्हिडिओ गेम आणि ते खेळण्याची यंत्रे म्हणजे कन्सोल, यांवरून तरुणांमध्ये रंगणाऱ्या एका वादाच्या निमित्ताने या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• मोजता येणारे गुण आणि अनुभवाने ठरणारे गुण यांतील फरक सांगता येईल;
• विधान आणि त्याला दिलेला पुरावा वेगळे ओळखता येतील;
• आपले मत विरोधी मताचा मान राखून मांडता येईल.

मूळ पाठ

चेन्नई शहरात अण्णा सलाई या हमरस्त्यालगत रिची स्ट्रीट नावाचा बाजार आहे. नाव एका रस्त्याचे. पण हा बाजार आजूबाजूच्या गल्ल्यांतही पसरलेला आहे. संगणकाचे सुटे भाग, तारा, ध्वनिवर्धक अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंची येथे दाटी असते. २०२१ साली या बाजारातल्या एका दुकानासमोर दोन भावंडे उभी आहेत, अशी कल्पना करा. त्यांचे घराणे मूळ तंजावरचे. मराठ्यांच्या राज्याबरोबर तमिळ देशी स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आईवडिलांनी पै पै साठवून एका कन्सोलपुरते पैसे दिले आहेत. दुसरे यंत्र पुढील कित्येक वर्षे घेता येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

"ताई, एक्सबॉक्स सिरीज एक्सच घेऊ या. चित्रे उभी करण्याची त्याची क्षमता १२ टेराफ्लॉपच्या वर आहे. प्लेस्टेशन ५ची जेमतेम सव्वादहा!"

"अरे, पण साठवणीतून माहिती उचलण्याचा वेग पाहिलास का? प्लेस्टेशनचा सेकंदाला साडेपाच गिगाबाइट, तुझ्या एक्सबॉक्सचा अडीचसुद्धा नाही. आणि 'गॉड ऑफ वॉर' तू कशावर खेळणार?"

"मग 'सी ऑफ थीव्ह्ज' तू कशावर खेळणार?"

येथे वाद थांबला, कारण दोघांचीही सर्व विधाने खरी होती. भारतात दोन्ही यंत्रांची आरंभीची किंमतही सारखीच, ४९,९९० रुपये होती. विधाने खरी असूनही निर्णय होईना. याचे कारण असे की, दोघे एका प्रश्नाचे उत्तर देत आहोत असे समजत होते; प्रत्यक्षात तेथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते.

पहिला प्रश्न यंत्राचा. यंत्राची शक्ती मोजता येते. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते. परंतु आकडा मोठा म्हणजे यंत्र चांगले, एवढे सरळ हे गणित नाही. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ मधील 'सेल' नावाचा प्रोसेसर कागदावर बलाढ्य होता. मात्र त्यासाठी प्रोग्राम लिहिणे अवघड असल्याने अनेक खेळ कमी गुंतागुंतीच्या एक्सबॉक्स ३६०वर अधिक सफाईने चालत. याच एक्सबॉक्स ३६०ची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. आतील उष्णतेमुळे असंख्य यंत्रे बंद पडली. बंद पडलेल्या यंत्रावर लाल दिव्यांचे कडे उजळे. अखेर जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. तात्पर्य, यंत्राच्या गुणवत्तेत वेगाबरोबर टिकाऊपणाही मोडतो. चेन्नईसारख्या उष्ण शहरात तर तो आधी विचारावा.

याच काळात निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे यंत्र आले. शक्तीच्या बाबतीत ते तिघांत सर्वांत दुबळे होते. पण हातातील नियंत्रक हलवून टेनिस खेळता येते म्हटल्यावर आजीआजोबाही दूरदर्शन संचासमोर उभे राहिले. वीची विक्री दहा कोटींच्या पुढे गेली. बाकीची दोन यंत्रे प्रत्येकी नऊ कोटींच्या आतच राहिली. विक्री म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे खरे. तरीही शक्ती आणि आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

दुसरा प्रश्न खेळाचा. खेळाची गुणवत्ता मोजपट्टीने मोजता येत नाही. पण म्हणून ती केवळ आवडीनिवडीवर सोडून देण्याचेही कारण नाही. नियम न्याय्य आहेत का, अडथळा पार केल्यावर आपण काही शिकलो असे वाटते का, कथा आणि कृती एकजीव झाल्या आहेत का, असे निकष सांगता येतात. 'वेंबा' हा खेळ पाहा. टोरांटो येथील एका छोट्या संस्थेने तो २०२३ मध्ये आणला. कॅनडात गेलेली एक तमिळ आई आपल्या आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीतून इडली, पुट्टू असे पदार्थ पुन्हा जुळवते. वहीतील पुसलेल्या ओळी खेळणाऱ्याने भरून काढायच्या. हा खेळ दोनएक तासांतच संपतो आणि त्यासाठी बलाढ्य यंत्र लागत नाही. तो अनेक यंत्रांवर एकाच वेळी उपलब्ध झाला. तरीही २०२४ साली त्याला ब्रिटनमधील बाफ्टा संस्थेचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

तिसरा प्रश्न हक्काचा. काही खेळ मुद्दाम एकाच कंपनीच्या यंत्रावर ठेवले जातात. त्यांना 'एक्सक्लुझिव्ह' म्हणजे राखीव खेळ म्हणतात. या पद्धतीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. एकाच यंत्रासाठी काम करताना कारागिराला त्याचे बारकावे पुरेपूर वापरता येतात आणि कंपनी त्याला पैसा व वेळ देते. पण राखीव असणे हा खेळाचा गुण नव्हे; तो व्यापाराचा करार आहे. ज्या 'गॉड ऑफ वॉर'वरून ताई वाद घालत होती, तो खेळ जानेवारी २०२२ मध्ये संगणकावर आला. भावाचा 'सी ऑफ थीव्ह्ज' एप्रिल २०२४ मध्ये प्लेस्टेशनवर दाखल झाला. करार बदलले, खेळ होते तसेच राहिले.

या कराराची झळ कोणाला बसते, हे आपल्या पुण्याच्या उदाहरणावरून कळते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी' हा खेळ घडवला. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा तिचा प्रयत्न फसला. तरी काम थांबले नाही. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी, तिच्या पाठीशी असलेली दुर्गा, राजस्थानी धाटणीचे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारे कथाभाग, असे त्याचे रूप. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रापुरता प्रसिद्ध झाला. त्या वेळी भारतात या यंत्राची अधिकृत विक्री होत नव्हती! पुण्यात घडलेला खेळ पुण्याच्या मुलांआधी परदेशातील मुलांच्या हाती पडला. ऑक्टोबर २०२० मध्ये तो इतर यंत्रांवर आला. मात्र नवख्या संस्थेला स्विचमुळे जगभराचे लक्ष लाभले, हेही नाकारता येणार नाही. पदार्पणाच्या खेळांसाठी त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला नामांकन मिळाले.

चेन्नई ही विश्वनाथन आनंद यांची नगरी. तेथील मुले शिसवी पटावर बुद्धिबळ खेळतात, तशीच पुठ्ठ्याच्या पटावरही खेळतात. घोडा दोन्हींवर अडीच घरेच चालतो. व्हिडिओ गेमला ही मोकळीक नाही; तो यंत्राशी बांधलेला असतो. म्हणूनच एकच यंत्र घेऊ शकणाऱ्या घराला हा वाद केवळ हौसेचा नसतो. निवडलेल्या यंत्राबरोबर न निवडलेल्या खेळांची दारेही बंद होतात.

त्या दिवशी भावंडांनी खरेदी केली नाही. घरी येऊन त्यांनी कागदावर तीन रकाने आखले: यंत्र किती वर्षे टिकेल, कोणते खेळ आपण दोघे मिळून खेळू, आणि ते खेळ कशावर चालतात. दुसरा रकाना भरायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

शब्दार्थ

हमरस्ता – मोठा, वर्दळीचा रस्ता
निकष – पारखण्याची कसोटी
झळ बसणे – त्रास किंवा नुकसान सोसावे लागणे
शिसवी – शिसम लाकडाचे
पै पै साठवणे – अगदी थोडे थोडे करून पैसे जमवणे

चला, समजून घेऊ या

लेखकाने भावंडांपैकी कोणालाही चूक ठरवलेले नाही. प्रत्येक बाजूचा खरा मुद्दा मान्य करून त्याची मर्यादा दाखवली आहे. उदाहरणार्थ, राखीव खेळांवर टीका करण्यापूर्वी त्यांच्या बाजूचा भक्कम मुद्दा दिला आहे; 'राजी'ची खंत सांगताना स्विचमुळे झालेला लाभही नोंदवला आहे. वादात समोरच्याचे म्हणणे सर्वांत बळकट रूपात मांडून मग उत्तर देणे, ही विचारी माणसाची रीत आहे.

भाषाभ्यास

वादविवादात उभयान्वयी अव्ययांना महत्त्व असते. 'पण, परंतु' ही न्यूनत्वबोधक अव्यये मर्यादा दाखवतात. 'म्हणून' हे परिणामबोधक अव्यय निष्कर्षाकडे नेते. 'कारण' हे कारणबोधक अव्यय पुरावा जोडते. पाठाच्या शीर्षकातील 'की' हे विकल्पबोधक आहे. ते दोहोंपैकी एकच निवडा असे सुचवते. पाठ वाचल्यावर हा 'की' तुम्हाला योग्य वाटतो का?

पाठगत प्रश्न

१. 'वी' या यंत्राच्या उदाहरणावरून लेखक काय दाखवतो?
(अ) स्वस्त यंत्र टिकते (आ) शक्ती आणि आनंद वेगळे असतात (इ) विक्री म्हणजेच गुणवत्ता
२. रिकामी जागा भरा: राखीव असणे हा खेळाचा गुण नसून तो ______ आहे.
३. चूक की बरोबर ते लिहा: 'राजी' हा खेळ प्रथम भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या यंत्रावर आला.

पाठान्त प्रश्न

१. भावंडांच्या वादात गुंतलेले तीन प्रश्न तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. बुद्धिबळाचा दृष्टान्त लेखकाने कशासाठी दिला आहे?
३. 'राखीव खेळांमुळे खेळांचा दर्जा वाढतो' या विषयावर अनुकूल आणि प्रतिकूल असे प्रत्येकी तीन मुद्दे लिहा. प्रत्येक मुद्द्याला एक पुरावा द्या.
४. तुमच्या घरातील एखाद्या खरेदीवरून झालेला वाद आठवा. त्यात कोणते प्रश्न एकमेकांत मिसळले होते, ते आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) २. व्यापाराचा करार ३. चूक